शिपाई वाढवायचा की मोकळा करायचा?

छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे जाताना बिडकीनच्या अलीकडे चितेगाव लागते. व्हिडिओकॉनच्या कारखान्यामुळे हे गाव राज्याला ठाऊक झाले. 2018 मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि परिसराचा मोठा आधार गेला. आता शेजारी बिडकीनला ऑरिक औद्योगिक नगरी आकार घेते आहे. जुलै 2024 मध्ये टोयोटा किर्लोस्करने इथल्या प्रकल्पासाठी राज्य सरकारशी 20 हजार कोटी रुपयांचा सामंजस्य करार केला, इतरही उद्योग येत आहेत. कारखान्यांमागोमाग परगावचे कामगार येतात, भाड्याच्या खोल्या उभ्या राहतात, रात्रपाळी सुरू होते, मालाच्या गाड्यांची रांग लागते, जमिनीचे भाव चढतात आणि भावकीतले वाद कोर्टात जातात. अशा पट्ट्यात पोलिसांचे काम वाढते. बिडकीन ठाण्याला माणसे वाढवा, नवी चौकी द्या, गस्त वाढवा, अशी मागणी होणे स्वाभाविक आहे आणि ती चूक नाही. प्रश्न उत्तराचा आहे. महाराष्ट्रात या मागणीला वर्षानुवर्षे एकच उत्तर मिळत आले आहे: आणखी पदे, आणखी भरती, आणखी तरतूद. वित्तीय शिस्तीचा आग्रह धरणाऱ्यांना हे उत्तर अपुरे वाटते. पोलीस खाते लहान करावे, असे त्यांचे म्हणणे नाही. खर्चाची वाढ आपोआप होऊ नये; आहे त्या शिपायाचा वेळ कुठे जातो हे आधी दाखवावे आणि मगच नवा शिपाई मागावा, एवढी त्यांची अट आहे. ही अट रास्त आहे आणि तिचा फायदा चितेगावसारख्या गावालाच सर्वांत जास्त होईल, असे माझे मत आहे.

आधी तिजोरीकडे पाहू. 2025-26 च्या राज्याच्या अर्थसंकल्पाचा आकार सुमारे 7 लाख कोटी रुपयांचा होता. त्यात महसुली तूट 45,891 कोटी रुपये अंदाजली होती, म्हणजे रोजचा खर्च भागवण्यासाठीही कर्ज काढावे लागणार होते. राजकोषीय तूट 1 लाख 36 हजार कोटींच्या घरात होती आणि मार्च 2026 अखेर कर्जाचा डोंगर 9 लाख 32 हजार कोटींवर जाईल असा अंदाज होता. वेतन, निवृत्तिवेतन आणि व्याज या तीन बाबींवर महसुली उत्पन्नाचा निम्म्याहून अधिक भाग जातो. हा खर्च टाळता येत नाही, पुढे ढकलता येत नाही, आणि त्यात एकदा भर पडली की ती परत घेता येत नाही. अर्थसंकल्पावर शिस्तीचा लगाम असतो असे म्हणावे, तर जुलै 2024 मध्ये सरकारने विधिमंडळात 94,889 कोटी रुपयांच्या पुरवणी मागण्या मांडल्या. मूळ अंदाज मांडून पंधरवडाही उलटला नव्हता. अशा स्थितीत कोणत्याही खात्याच्या वाढत्या मागणीची छाननी करणे हे त्या खात्याशी वैर ठरत नाही.

पोलिसांवरच्या खर्चाचे एक वैशिष्ट्य इथे ध्यानात घ्यावे लागते. धरण किंवा पूल बांधला की खर्च मुख्यतः एकदाच होतो. पोलीस खात्यात मोठा वाटा वेतनाचा असतो. ऑगस्ट 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुमारे 15 हजार पोलिसांच्या भरतीला मंजुरी दिली. सातव्या वेतन आयोगानुसार शिपायाचे मूळ वेतन 21,700 रुपयांपासून सुरू होते. त्यात महागाई भत्ता, घरभाडे, गणवेश आणि प्रशिक्षण धरून एका शिपायामागे वर्षाला ढोबळमानाने पाच लाख रुपये मोजले, तर 15 हजार जणांचा पहिल्याच वर्षाचा बोजा 750 कोटी रुपये होतो. बाविसाव्या वर्षी लागलेला तरुण अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो. म्हणजे मंत्रिमंडळाच्या एका बैठकीत छत्तीस वर्षांचा, दरवर्षी वाढत जाणारा खर्च ठरतो, आणि त्यानंतर निवृत्तीचे दायित्व. या भरतीला माझा विरोध नाही. रिक्त जागा भरायलाच हव्यात. पण एवढ्या लांब पल्ल्याचा निर्णय घेताना सभागृहापुढे चर्चा होते ती किती जागा आणि कधी भरणार एवढ्याचीच. या माणसांना नेमके कोणते काम दिले जाणार आणि आज ते काम का होत नाही, हे क्वचितच विचारले जाते.

ही विचारणा परकीय नाही. सार्वजनिक पैशाच्या काटकसरीची मराठी परंपरा जुनी आणि मानाची आहे. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1897 मध्ये वेल्बी आयोगापुढे हिंदुस्थानच्या खर्चाबद्दल साक्ष दिली आणि 1902 मध्ये केंद्रीय विधिमंडळातल्या आपल्या पहिल्या अर्थसंकल्पीय भाषणात, सरकारी शिल्लक म्हणजे रयतेची भरभराट नव्हे, हे आकड्यांनिशी मांडले. काटकसर त्यांना हवी होती ती शिक्षणासारख्या कामाला पैसा मोकळा व्हावा म्हणून. पोलीस खर्चाबाबत तर त्या काळाचा अनुभव कडवट होता. 1897 मध्ये प्लेग अधिकारी रँडच्या खुनानंतर पुण्यावर जादा पोलीस बसवले गेले आणि त्यांचा खर्च पुणेकरांच्याच माथी मारला गेला. खर्च कोणी ठरवायचा आणि कोणी भरायचा या प्रश्नात सत्तेचा प्रश्न दडलेला असतो, हे तेव्हाच्या मराठी माणसाला नीट कळले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1925 च्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरच्या ग्रंथात याचा इतिहासच लिहिला. जमा एकाच्या हाती आणि खर्च दुसऱ्याच्या हाती असला की प्रांतांना हात आखडण्याचे कारणच उरत नाही, हे त्यांनी दाखवले. त्यावर उपाय म्हणून व्हाइसरॉय लॉर्ड मेयोने 1870 च्या ठरावाने जी खाती ठरावीक रकमेसह प्रांतांकडे सोपवली, त्यांत तुरुंग आणि शिक्षणाबरोबर पोलीस खातेही होते. पोलीस आज राज्यघटनेच्या राज्यसूचीत आहे. त्याचा खर्च राज्याने स्वतःच्या जबाबदारीवर आणि हिशेबाने करायचा, या कल्पनेची मुळे अशी दीडशे वर्षे मागे जातात.

आता शिपायाच्या वेळेकडे वळू, कारण सगळा युक्तिवाद तिथेच उभा आहे. कागदावर ठाण्याला जेवढी माणसे मंजूर असतात त्यांतली काही पदे रिक्त असतात. उरलेल्यांतले काही मुख्यालयात, काही कोर्टाच्या कामात, काही समन्स बजावण्यात, काही मंत्र्यांच्या दौऱ्यात, काही कोणाच्या तरी अंगरक्षणात गुंतलेले असतात. बीट अंमलदार गावात फिरकत नाही, ही तक्रार खरी असते, पण बहुतेक वेळा तो कामचुकार नसतो. तो दुसऱ्याच कामावर असतो. बंदोबस्त सगळा सारखा नसतो, हेही सांगायला हवे. पैठणच्या नाथषष्ठीला लाखो वारकरी येतात, तेव्हाचा बंदोबस्त हे पोलिसांचे खरे सार्वजनिक काम आहे आणि त्याचा खर्च सरकारनेच केला पाहिजे. व्यावसायिक क्रिकेटचे तसे नाही. जून 2023 मध्ये राज्य सरकारने मुंबईतल्या टी-20 आणि एकदिवसीय सामन्यांच्या बंदोबस्ताचे शुल्क मोठ्या प्रमाणात घटवले, आणि ही सवलत 2011 पासून मागे जाऊन लागू केली. क्रिकेट संघटनेकडे कोट्यवधींची थकबाकी असताना ही सूट का, हा प्रश्न जनहित याचिकेतून मुंबई उच्च न्यायालयापुढे गेला आणि न्यायालयानेही सरकारला कारण विचारले. प्रक्षेपणाच्या हक्कांतून प्रचंड पैसा मिळवणाऱ्या खेळाला सवलत आणि ग्रामीण ठाण्याला डिझेलची चणचण, हा प्राधान्यक्रम कोणत्याही वित्तीय तत्त्वात बसत नाही. डिसेंबर 2022 मध्ये तर निर्भया निधीतून मुंबई पोलिसांसाठी घेतलेल्या बोलेरो गाड्यांपैकी काही आमदार-खासदारांच्या सुरक्षेला वळवल्याच्या बातम्या आल्या. स्त्रियांच्या सुरक्षेसाठी पैसा मंजूर झाला, गाड्याही आल्या, पण त्या ठाण्यात राहिल्या नाहीत. तरतूद वाढली म्हणून सुरक्षा वाढली, असे मानता येत नाही ते यामुळे.

खर्च वाढण्याची दुसरी वाट विधिमंडळातूनच जाते आणि तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. प्रत्येक नवा गुन्हा आणि प्रत्येक नवी बंदी म्हणजे पोलिसांवर टाकलेले नवे काम. मुंबई राज्यात 1949 च्या कायद्याने दारूबंदी आली तेव्हा सरकारने अबकारी उत्पन्नावर पाणी सोडले आणि अंमलबजावणीचा खर्च मात्र अंगावर घेतला. हेतू उदात्त होता, पण हातभट्ट्या शोधण्यात पोलिसांची किती शक्ती खर्ची पडली हे त्या पिढीने पाहिले, आणि पुढे बंदी सैल करावी लागली. ताजे उदाहरण 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे आहे. सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जावे आणि झडती-जप्तीचे चित्रीकरण व्हावे, या तिच्यातल्या तरतुदी चांगल्याच आहेत. पुराव्याचा दर्जा त्याने सुधारेल. पण त्यासाठी व्हॅन, तज्ज्ञ, प्रयोगशाळा, साठवणुकीची यंत्रणा लागते. कायदा केंद्राने केला, खर्च राज्याच्या माथी आला. विधेयकाबरोबर वित्तीय ज्ञापन जोडण्याची प्रथा आपल्याकडे आहे. ते ज्ञापन पोलिसांच्या मनुष्यदिवसांत मांडायला लावले, तर कितीतरी विधेयकांचा उत्साह आपोआप ओसरेल.

मग पैसा कशावर लावावा? इथे अनुभवजन्य पुरावा आहे आणि तो भारतातलाही आहे. अमेरिकेत कॅन्सस सिटीमध्ये 1972-73 साली एक प्रयोग झाला. काही भागांत नेहमीची गस्त बंद केली, काहींत दुप्पट-तिप्पट केली. गुन्ह्यांत किंवा लोकांच्या भीतीत लक्षणीय फरक पडला नाही. गाडी फिरवत राहणे म्हणजे सुरक्षा, ही समजूत त्याने हलली. त्याहून आपल्या जवळचा पुरावा राजस्थानातला आहे. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राजस्थान पोलिसांबरोबर केलेल्या प्रयोगात कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा आणि बदल्या थांबवण्याचा फिर्यादींच्या समाधानावर चांगला परिणाम दिसला. दुसऱ्या प्रयोगात मद्यपी चालकांविरुद्धच्या नाक्यांची तुलना झाली. एकाच जागी बसवलेल्या नाक्यांचा उल्लेखनीय परिणाम झाला नाही. जागा बदलत राहणाऱ्या नाक्यांमुळे रात्रीचे अपघात सुमारे 17 टक्क्यांनी आणि रात्रीचे मृत्यू सुमारे 25 टक्क्यांनी घटले. फरक माणसे किती होती यापेक्षा ती कुठे आणि कशी लावली याने पडला. संभाजीनगर-पैठण रस्त्यासाठी हा निष्कर्ष थेट उपयोगाचा आहे. तरीही इंडिया जस्टिस रिपोर्टनुसार देशातल्या पोलीस खर्चात प्रशिक्षणाचा वाटा सव्वा टक्क्याच्या आसपास आहे. बदल्यांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 22 सप्टेंबर 2006 रोजी प्रकाश सिंह खटल्यात स्पष्ट निर्देश दिले: प्रमुख अधिकाऱ्यांना किमान दोन वर्षांची मुदत, बदल्यांसाठी आस्थापना मंडळ, तपास आणि कायदा-सुव्यवस्था यांची विभागणी. महाराष्ट्राने 2014 मध्ये आपल्या पोलीस अधिनियमात दुरुस्ती केली. मुदतपूर्व बदलीच्या वाटा मात्र त्याच दुरुस्तीत मोकळ्या राहिल्या. पोलीस सुधारण्याचा जो उपाय सर्वांत स्वस्त आहे, तोच सर्वांत कमी वापरला जातो, कारण त्याने राजकीय सत्तेचा हात आखडतो.

यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप असा: भारतात आधीच पोलीस कमी आहेत. लोकसंख्येच्या प्रमाणात आपण मागे आहोत, शिपाई बारा-बारा तास उभा असतो, आणि काटकसरीची भाषा शेवटी त्याच्याच पाठीवर बसते. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि त्याला इंग्लंडचा पुरावाही जोडता येतो. 2010 नंतर तिथल्या सरकारने पोलिसांचे केंद्रीय अनुदान वास्तव मूल्यात सुमारे वीस टक्क्यांनी घटवले. काही वर्षांत इंग्लंड आणि वेल्समधले जवळपास 20 हजार अधिकारी कमी झाले. 2019 मध्ये त्याच पक्षाच्या सरकारला 20 हजार अधिकारी पुन्हा भरण्याची घोषणा करावी लागली, आणि अनुभवी माणसे गेल्यावर नवशिके भरण्याची किंमत वेगळी मोजावी लागली. सरसकट कपात ही वित्तीय शिस्त नव्हेच. टेक्सासने 2007 मध्ये निवडलेली वाट वेगळी होती. नव्या तुरुंगांवर अंदाजे दोन अब्ज डॉलर घालण्याऐवजी तिथल्या पुराणमतवादी आमदारांनी सुमारे 24 कोटी डॉलर व्यसनमुक्ती आणि पर्यायी शिक्षेवर घातले. काम कमी केले आणि मग खर्च थांबवला. महाराष्ट्राला हाच क्रम लागू करायला हवा. 2016 मध्ये मुंबई पोलिसांत आठ तासांच्या कामाचा प्रयोग देवनार ठाण्यापासून सुरू झाला, तो नव्या भरतीची वाट न पाहता पाळ्यांची फेररचना करून. शिपायाचा वेळ हा मोजण्याजोगा सार्वजनिक पैसा आहे, असे मानले की त्याची विश्रांतीही हिशेबात येते. जुलै 2023 मध्ये मुंबईसाठी राज्य सुरक्षा महामंडळाचे तीन हजार जवान कंत्राटावर घेण्याचा जो निर्णय झाला, त्याला मी काटकसर म्हणणार नाही. कायमची गरज तात्पुरत्या माणसाने भागवली की खर्च लपतो, संपत नाही.

दुसरा आक्षेप प्रमाणाचा आहे. देशातली राज्ये एकूण खर्चाच्या सरासरी चार टक्क्यांच्या आसपास पोलिसांवर खर्च करतात. लाडकी बहीण योजनेसाठी 2025-26 मध्ये एकट्या महाराष्ट्राने 36 हजार कोटी ठेवले, मग पोलिसांच्याच मागे का लागायचे? शिस्तीचा आग्रह प्रामाणिक असेल तर तो योजनांनाही लागू होतो, आणि जो योजनांवर गप्प राहून शिपायाच्या भत्त्यावर बोट ठेवतो त्याचे ऐकू नये. पण सात लाख कोटींचे चार टक्के म्हणजे 28 हजार कोटी. ही रक्कम छाननीतून सुटावी इतकी लहान नाही. शिवाय पोलीस हे राज्याचे पहिले कर्तव्य आहे, म्हणूनच तिथे वाया गेलेला रुपया जास्त टोचला पाहिजे.

गावपातळीवर आले की हा हिशेब फार बोलका होतो. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम 1967 नुसार गावोगाव पोलीस पाटील असतो. राज्यात या पदांची संख्या 38,725 आहे. मार्च 2024 मध्ये मानधन 6,500 वरून 15,000 रुपये झाले, त्याचा वाढीव बोजा 395 कोटी. सगळी पदे भरलेली धरली तरी वर्षाचे एकूण मानधन सुमारे 697 कोटी होते. म्हणजे राज्यभरच्या पोलीस पाटलांवरचा वार्षिक खर्च 15 हजार नव्या शिपायांच्या पहिल्या वर्षाच्या खर्चाहून कमी आहे. दोघांची तुलना पूर्ण होऊ शकत नाही. पोलीस पाटील तपास करत नाही, त्याच्याकडे शिपायाचे अधिकार नाहीत, त्याच्या नेमणुकीत गावकीचे राजकारण शिरते. पण परगावचा कोण राहायला आला, कोणत्या बांधावरून कुऱ्हाडी निघतील, हे त्याला ठाण्याच्या आधी कळते. आर. आर. पाटील गृहमंत्री असताना 15 ऑगस्ट 2007 रोजी सुरू झालेली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीमही याच विचाराची होती: बांधाचा, पाण्याचा, भावकीचा वाद ठाण्यापर्यंत जाण्याआधी मिटवायचा आणि यशस्वी गावाला रोख पुरस्कार द्यायचा. तिच्यात दोष होते. तडजोडीच्या नावाखाली स्त्रियांवरचे किंवा दलितांवरचे अत्याचार दाबले जाण्याचा धोका अशा व्यवस्थेत कायम असतो, आणि असे गुन्हे समितीच्या दारात जाताच कामा नयेत. पण दिवाणी वादांपुरती ती मोहीम जिवंत ठेवण्याचा खर्च नव्या ठाण्याच्या तुलनेत नगण्य आहे. तिला लागलेली उतरती कळा हा महाराष्ट्राचा तोटा आहे.

राहिला औद्योगिक पट्ट्याचा प्रश्न. महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 मध्ये मागणी करणाऱ्याच्या खर्चाने जादा पोलीस देण्याची आणि मोठ्या कामांच्या ठिकाणी असा खर्च मालकाकडून घेण्याची तरतूद आहे. बिडकीनच्या कारखान्यांना जकातीसारखा पोलीस कर लावा, असे मी म्हणत नाही. ते कर भरतातच. शिवाय पैसे मोजणाऱ्याचे पोलीस आणि गरिबाला वाट पाहणे, ही भीती खोटी नाही. म्हणून सीमारेषा ठरवून घ्यावी लागेल. रस्ता, वस्ती, कामगारांची सुरक्षा हे सर्वांचे काम, ते सरकारी खर्चाने. कंपनीच्या आवारातला, मालवाहतुकीचा किंवा तिच्या मागणीवरचा बंदोबस्त तिच्या खर्चाने, आणि तोही ठाण्याच्या मंजूर मनुष्यबळातून माणूस न काढता.

चितेगावच्या आणि आसपासच्या गावांच्या ग्रामसभांना यासाठी मुंबईची वाट पाहण्याची गरज नाही. माहिती अधिकार कायद्याचे कलम 4 सार्वजनिक प्राधिकरणांना स्वतःहून माहिती प्रसिद्ध करायला सांगते, आणि उरलेली अर्ज करून मागता येते. बिडकीन ठाण्याची मंजूर पदे किती, भरलेली किती, गेल्या वर्षी किती मनुष्यदिवस ठाण्याच्या हद्दीबाहेरच्या बंदोबस्तात गेले, किती समन्स बजावण्यात गेले, किती तपासात. किती गुन्ह्यांत न्यायवैद्यक अहवाल थकला आहे. गेल्या पाच वर्षांत ठाणेदार किती वेळा बदलला. वाढीव तरतुदीची मागणी घेऊन आमदारांकडे जाल तेव्हा ही उत्तरे हातात असू द्या, आणि ती नसतील तर मागणीपत्रात पहिली मागणी त्यांचीच लिहा.